मुठीत मावणारा, पण लख्ख : टॉर्चबद्दल वाचकांचे प्रश्न

खिशात किंवा मुठीत मावेल असा जोरकस एलईडी टॉर्च घ्यायचा झाला, तर तुमच्या यादीत काय काय असेल, असं आम्ही मागच्या अंकात विचारलं होतं. आलेल्या बहुतेक याद्यांची पहिली ओळ लुमेनची (टॉर्च एकूण किती उजेड देतो त्या मापाची) आहे, आणि सेलचा उल्लेख शेवटी, तोही ‘सोबत मिळाला तर बरं’ एवढाच. आमच्या मते यादी उलटी लिहावी. आधी सेल, मग किती तास, मग झोत कसा, आणि लुमेन सगळ्यात शेवटी. याद्यांबरोबर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी यादी अशी. १८६५० चा एकच सेल, लांबी १० सेंटिमीटरच्या आत, ३००० लुमेन सलग तासभर, ५०० मीटर झोत, शिवाय पायाजवळचंही सगळं दिसलं पाहिजे. असा टॉर्च आहे का? (कोथरूड)

उत्तर : नाही, आणि पैसे वाढवूनही मिळणार नाही. कारण साध्या गणितात आहे.

१८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन सेल. चांगल्यातला चांगला नेहमीचा सेल ३५०० एमएएचचा. त्याला ३.६ व्होल्टने गुणा, १२.६ वॅट-अवर येतात. तुमची सगळी शिदोरी एवढीच. आता खर्च बघा. पूर्ण जोरात चाललेला एलईडी, सर्किटमधली गळती धरून, एका वॅटमागे साधारण १०० लुमेन देतो. ३००० लुमेनला ३० वॅट लागले. १२.६ भागिले ३० म्हणजे फार तर २५ मिनिटं. तासभराची गोष्ट इथेच संपली.

पण २५ मिनिटंही मिळत नाहीत, कारण त्याआधी टॉर्च तापतो. ३० वॅटपैकी निदान २० वॅट उष्णता होते. एवढ्या छोट्या टॉर्चचं ॲल्युमिनियम धड ६० ग्रॅमच्या आसपास आणि सेल ४७ ग्रॅमच्या आसपास. हे सगळं मिळून एक अंश तापायला सुमारे १०० ज्यूल लागतात, म्हणजे दर पाच सेकंदांना एक अंश. बाहेर ३० अंश असेल, तर अडीच मिनिटांत ६० अंश. प्रत्यक्षात उष्णता सेलपर्यंत लगेच पोचत नाही, त्यामुळे पुढचं डोकं त्याहून लवकर हाताला चटके देऊ लागतं. म्हणूनच शहाण्या सर्किटचा टॉर्च एक-दोन मिनिटांत स्वतःहून उजेड उतरवतो. त्याला बिघाड समजून परत पाठवणारे बरेच असतात. खरं तर न उतरवणारा टॉर्च परत पाठवावा.

हवेत आणि तळहातात मिळून असा टॉर्च चार-पाच वॅट उष्णता सलग टाकू शकतो. त्यावरून उलटा हिशोब केला, तर सहा-सात वॅट आणि ६०० ते ७०० लुमेन एवढा उजेड तो टिकवून देईल. यादीत लिहायचा आकडा हा. खोक्यावरचा मोठा आकडा मिनिटभराचा असतो. एफएल-१ या टॉर्चसाठीच्या मानकात उजेड मोजतात तो टॉर्च लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटं या वेळात. आणि ‘इतके तास चालतो’ हे मोजतात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ‘३००० लुमेन, ३ तास’ याचा अर्थ दोन मिनिटं ३००० आणि उरलेला सगळा वेळ ४००, असाही असू शकतो. उत्पादक वेळ आणि उजेडाचा आलेख देत असेल, तर तो बघितल्याशिवाय घेऊ नका. आलेख पायरीसारखा उतरून मग बराच वेळ सपाट राहिला, तर सर्किट चांगलं. सुरुवातीपासून घसरगुंडी असेल, तर सेल जसा उतरेल तसा उजेड उतरणार.

आता ५०० मीटर. झोताचं अंतर कॅन्डेलावर (उजेड एका दिशेला किती एकवटला आहे त्या मापावर) ठरतं, लुमेनवर नाही. त्याच मानकात अंतर म्हणजे जिथे ०.२५ लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उजेड पोचतो ती जागा. अंतराचा वर्ग करून चारने भागा. ५०० मीटरला ६२,५०० कॅन्डेला लागतात. हे साधायला बारीक पृष्ठभागाचा पण अतिशय प्रखर एलईडी (ओस्रामचे डब्ल्यू-१, डब्ल्यू-२ यासाठीच घेतात) आणि चांगला रुंद, चार-साडेचार सेंटिमीटरचा रिफ्लेक्टर लागतो. असा झोत समोरच्या डोंगरावरचं झाड दाखवतो आणि पायाजवळचा दगड दाखवत नाही. दोन्ही एकाच भिंगातून मागितलं, की दोन्ही अर्धवट मिळतं. शिवाय चांदण्याइतक्या उजेडात काही ओळखू येत नाही. कामाचं अंतर छापील अंतराच्या निम्मं किंवा तिसरा हिस्सा धरा.

तुमची यादी आम्ही अशी दुरुस्त करू. सेल २१७०० चा (२१ बाय ७० मिलिमीटर, ५००० एमएएच, १८ वॅट-अवर), लांबी १२ सेंटिमीटरपर्यंत, टिकाऊ उजेड ६०० च्या वर, क्षणिक १५०० ते २०००, झोत छापील २०० ते २५० मीटर. ६५० लुमेनवर हा अडीच तास चालेल. रात्रीच्या कात्रज-सिंहगड चालीला २०० लुमेन पुष्कळ होतात, त्यावर आठ-नऊ तास. २००० चे ६५० झाले म्हणून हळहळू नका. डोळ्याला उजेड दुप्पट वाटायला तो जवळपास चौपट व्हावा लागतो.

प्रश्न : तपकीर गल्लीत ‘९९०० एमएएच’ लिहिलेले १८६५० सेल स्वस्तात दिसले. दोन घेऊन ठेवू का? (सदाशिव पेठ)

उत्तर : नका घेऊ. त्या आकाराचा ९९०० एमएएचचा सेल जगात कुणी बनवत नाही. वजन करून बघा. अस्सल १८६५० साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो, २१७०० सत्तरच्या आसपास. ३०-३५ ग्रॅम भरला तर आत भरताड आहे. वजन बरोबर भरलं म्हणून मात्र तो नवा ठरत नाही. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधले सेल काढून, नवं वेष्टन चढवूनही विकतात. टोकावरच्या पत्र्यावर आधीच्या स्पॉट-वेल्डिंगचे बारीक ठिपके किंवा ते घासल्याचे ओरखडे दिसतात का, ते बघा. विक्रेता बिल देतो का आणि वेष्टनावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणीचा आर-क्रमांक आहे का (या सेलचं मानक आयएस १६०४६), हेही विचारा. दुकानदाराचा चेहरा बदलला, की पुढच्या दुकानात जा. त्याच गल्लीत चोख माल विकणारेही आहेत.

प्रश्न : नवा सेल मागवला, तो टॉर्चमध्ये गेला, पण मागचं झाकण पूर्ण फिरत नाही. दुसऱ्या टॉर्चमध्ये तोच सेल बसतो, पण टर्बो (सर्वांत जोरदार उजेड) लावला की टॉर्च बंद पडतो. सेल खराब आहे का? (बाणेर)

उत्तर : सेल बहुधा ठीक आहे, तो ‘प्रोटेक्टेड’ जातीचा आहे. त्याच्या बुडाला संरक्षणाची छोटी चकती असते, त्यामुळे ६५ चा सेल ६८ ते ७० मिलिमीटर होतो. टर्बोला बंद पडण्याचं कारणही तीच चकती. ठरावीक अँपिअरच्या वर मागणी गेली, की ती वाट तोडते. तुमच्या टॉर्चला त्याहून जास्त करंट लागतो आहे.

सेल घेताना एमएएचइतकाच अँपिअरचा आकडा बघायचा. दोन्ही एकाच वेळी जास्तीत जास्त मिळत नाहीत. १८६५० मध्ये सॅमसंग ३५ई हा ३५०० एमएएचचा, पण सलग ८ अँपिअरचा. ३०क्यू हा ३००० एमएएचचा, पण १५ अँपिअरचा. २१७०० मध्ये मॉलिसेल पी४२ए ४२०० एमएएच देतो आणि ४५ अँपिअर सोसतो. साध्या ७००-८०० लुमेनच्या टॉर्चला पहिल्या जातीचा सेल बरा, तीन-चार एलईडीच्या तापट टॉर्चला दुसऱ्या जातीचा. प्रोटेक्शन नसलेला सेल वापरायचा, तर टॉर्चच्या सर्किटमध्ये कमी व्होल्टेजला बंद होण्याची सोय हवी, आणि सेल सुटा खिशात किल्ल्यांबरोबर कधीही टाकायचा नाही. प्लॅस्टिकची डबी पाच-पन्नास रुपयांत मिळते. काही टॉर्चना वर उंचवटा असलेला सेलच लागतो. डोक्याच्या आतल्या बाजूला स्प्रिंग असेल तर सपाट चालतो, नुसती पितळी चकती खोलात असेल तर बहुधा नाही. उलटा सेल घातला तर काही सर्किटं जागच्या जागी जळतात. अधिकचं टोक साधारणपणे डोक्याकडे, पण नळीच्या आतली खूण बघूनच घाला.

प्रश्न : शेतीची थ्री-फेज रात्री येते, पाणी द्यायला उसात जावं लागतं. बिबट्याचं भय आणि सापाचंही. एकच लहान पण जोरदार बॅटरी घ्यायची आहे. (जुन्नर तालुका)

उत्तर : इथे मात्र आम्ही एकच घ्या म्हणणार नाही. दोन कामं वेगळी आहेत, आणि एक बॅटरी हातातून पडली तर उसात तुम्ही पूर्ण अंधारात.

पहिली कपाळावरची. दीडशे-दोनशे लुमेन, पसरट झोत, हात फावड्याला मोकळे. ही साप आणि पायवाट बघण्यासाठी. हिचा एलईडी ९० च्या वर सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) मागा. पाचटात पडलेली घोणस पांढऱ्याफटक उजेडात पाचटासारखीच दिसते. तांबूस-तपकिरी छटा नीट दाखवणाऱ्या उजेडात तिच्या अंगावरचे गोल उठून दिसतात. निळसर ६५०० केल्विनपेक्षा ४००० ते ५००० केल्विन घ्या.

दुसरी हातातली, लांब झोताची, २१७०० सेलची. छापील अंतर ३०० मीटर असलं तरी बांधापलीकडचं शंभरेक मीटर नीट दिसेल, तेवढं पुरे. ती डोळ्यांच्या उंचीला धरून फिरवा. बिबट्याच्या डोळ्यांमागचा पडदा उजेड आला त्याच दिशेला परत फेकतो. बॅटरी कमरेजवळ धरली तर ती चमक तुमच्या डोळ्यांपर्यंत फारशी येत नाही. सापाचे डोळे तसे चमकत नाहीत, त्यामुळे चमक दिसली नाही म्हणून पाय बिनधास्त टाकू नका. गमबूट, सोबतीला माणूस आणि बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून जाणं, यांची जागा कुठलीही बॅटरी घेत नाही.

आतच बसवलेला, न निघणारा सेल असलेली बॅटरी शेतावर घेऊ नका. रात्री उसात चार्ज संपला, तर चार्जिंग कुठे कराल? सेल निघणारा हवा आणि भरलेला दुसरा डबीत हवा. आणि एकच बटण, जे दाबलं की बॅटरी लागलीच पाहिजे. पाच प्रकारची लुकलुक अंधारात पाच वेळा दाबायला लावते.

प्रश्न : सीआरआय, टिंट (उजेडाची छटा) वगैरे नखरे आहेत का? आणि ताम्हिणीच्या धुक्यात पिवळा उजेड चांगला म्हणतात, ते खरं? (वारजे)

उत्तर : सीआरआय नखरा नाही, पण फुकटही नाही. त्याच सेलवर, त्याच करंटला ७० सीआरआयच्या गार (निळसर) एलईडीपेक्षा ९० च्या वरचा उबदार (पिवळसर) एलईडी पाव हिश्श्याने कमी लुमेन देतो. निचियाचा ५१९ए, सॅमसंगचा एलएच३५१डी हे असे एलईडी आवडीने घेतले जातात ते एवढा तोटा पत्करून. वायरचे रंग, जखमेतलं रक्त, गंज, चिखलवाटेची खोली बघायची असेल, तर तो तोटा परवडतो. सहाशे मीटरवर झोत मारायचा असेल तर नाही.

धुक्याचं म्हणाल, तर पिवळ्या उजेडाचं कौतुक अवास्तव आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते निळा आणि पिवळा जवळजवळ सारखाच विखुरतात. फरक पडतो तो कोनाने. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, त्याचा उजेड धुक्यावर आपटून सरळ डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तोच दिवा काढून गुडघ्याच्या उंचीला धरा, उजेड १०० लुमेनपर्यंत उतरवा, वाट दिसायला लागते. धुक्यात टर्बो लावणं म्हणजे स्वतःला आंधळं करणं.

प्रश्न : टाइप-सीचा टॉर्च घेतला, पण लॅपटॉपच्या टाइप-सी चार्जरवर तो चार्जच होत नाही. (हिंजवडी)

उत्तर : उत्पादकाने दोन रेझिस्टर वाचवले आहेत. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीत, समोर उपकरण आहे हे चार्जरला टॉर्चच्या टाइप-सी खोबणीतल्या ‘सीसी’ नावाच्या पिनवरच्या ५.१ किलोओहमच्या रेझिस्टरवरून कळतं. ते नसतील तर चार्जर ५ व्होल्ट सोडतच नाही. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली वायर आणि साधा चार्जर वापरा, चालेल. ट्रेकला एकाच चार्जरवर सगळं भागवायचं असेल, तर यादीत ‘सी-टू-सी वायरीवर चार्ज व्हावा’ असं स्पष्ट लिहा. चार्ज पूर्ण झाल्यावर एकदा मल्टिमीटरने सेल मोजा. ४.२० च्या आसपास हवा. ४.२५ च्या वर गेला, तर त्या टॉर्चचं आतलं चार्जिंग वापरू नका, बाहेरचा चार्जर घ्या.

प्रश्न : पावसाळी ट्रेकनंतर टॉर्च लुकलुकतो. झटका दिला की लागतो. एलईडी गेला का? (धायरी)

उत्तर : एलईडी असा अर्धामुर्धा सहसा जात नाही. दोष बहुधा शेपटाकडे आहे. टॉर्चमध्ये ऋण बाजूचा करंट नळीतून आणि आट्यांमधून जातो, तिथे चिखल-ग्रीसचा काळा लेप बसला, की संपर्क तुटक होतो.

मागचं झाकण काढा, सेल आतच राहू द्या. झाकण बाजूला ठेवून टॉर्च चालू होतो का, ते एका तारेने तपासा. सेलचं ऋण टोक आणि नळीची उघडी, चकचकीत कड तारेने क्षणभर जोडायची. मागे बटण असलेल्या टॉर्चमध्ये उजेड स्थिर लागला, तर दोष झाकणातच. मग सेल काढा आणि सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून आटे आणि नळीची कड पुसा. कापड काळं येणं थांबेपर्यंत पुसायचं. झाकणात आतून बघितलं, तर स्प्रिंगभोवती दोन भोकं किंवा दोन खाचा असलेली पितळी किंवा ॲल्युमिनियमची चकती दिसेल. हीच बहुतेक वेळा सैल झालेली असते. सर्क्लिप पक्कड किंवा टोकदार चिमटा त्या दोन भोकांत घालून घड्याळाच्या दिशेने घट्ट करा. काही झाकणांत तिला उलटे आटे असतात, त्यामुळे जोर लावण्याआधी हलकेच दोन्हीकडे फिरवून बघा.

आता ओ-रिंग. ती चपटी झाली असेल किंवा तिला चीर असेल, तर बदला. बोहरी आळीत रबरी मालाच्या दुकानात जुनी रिंग नमुना म्हणून न्या, आतला व्यास आणि जाडी दोन्ही जुळली पाहिजेत. नायट्राइल रबराला सिलिकॉन ग्रीस लावा, तांदळाच्या दाण्याएवढं, बोटाने पसरून. जास्त लावलं तर त्यात धूळ धरते आणि पुन्हा तोच काळा लेप. व्हॅसलीन उन्हाळ्यात पातळ होऊन संपर्काच्या जागेवर उतरतं, म्हणून टाळा. काचेच्या आत वाफ धरली असेल, तर सेल काढून, झाकण उघडं ठेवून टॉर्च दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवा. हेअर ड्रायर नको.

आयपीएक्स ८ (पाण्यात बुडूनही टिकतो अशी खूण) लिहिलेलं असलं, तरी ती परीक्षा नव्या ओ-रिंगवर झालेली असते.

प्रश्न : काजवे बघायला राजमाचीला जाणार आहोत, कोणता टॉर्च? (पिंपळे सौदागर)

उत्तर : सर्वांत मंद. काजव्यांची चमक हा नर-मादीचा संकेत आहे, उजेडात तो बिघडतो. वाटेपुरता लाल किंवा एक-दोन लुमेनचा, जमिनीकडे वळवलेला, आणि झाडाजवळ पोचल्यावर तोही बंद.

प्रश्न : लोहगाव विमानतळावरून टॉर्च नेता येतो का? (विमाननगर)

उत्तर : सुटे लिथियम सेल केबिनच्या बॅगेतच, प्रत्येक वेगळ्या डबीत, टोकं झाकून. चेक-इन सामानात सुटे सेल चालत नाहीत. १२ किंवा १८ वॅट-अवर हे १०० च्या मर्यादेच्या फार खाली आहेत. टॉर्चमधलाही सेल काढून ठेवलेला बरा, कारण पुढच्या प्रश्नात जे झालं ते विमानात व्हायला नको.

प्रश्न : बॅगेत टॉर्च आपोआप लागला आणि आतल्या स्वेटरला भोक पडलं. बटण सदोष का? (औंध)

उत्तर : बटण ठीक असेल, ते नुसतं दाबलं गेलं. बाजूला इलेक्ट्रॉनिक बटण असलेल्या जोरदार टॉर्चचं हे नेहमीचं दुखणं आहे. टर्बोवर काचेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर काळं कापड धुमसायला थोडे क्षण पुरतात. मागचं झाकण पाव फेरा सैल करा, करंट तुटतो. यासाठी आट्यांवर ॲनोडायझिंगचा, म्हणजे वीज अडवणारा, थर हवा. आटे उघडे चकचकीत असतील तर पाव फेऱ्याने काही होत नाही, सेलच काढावा लागतो. यादीत ‘ॲनोडाइज्ड आटे’ ही ओळ म्हणूनच असावी. अँड्युरिल २ (टॉर्चच्या बटणाचं सॉफ्टवेअर) प्रणालीचा टॉर्च बंद असताना चार वेळा पटापट बटण दाबलं, की कुलूप लागतं, पुन्हा चार वेळा दाबल्यावर उघडतं. पण पाव फेऱ्याचा आणखी एक फायदा आहे. इलेक्ट्रॉनिक बटणाचं सर्किट बंद असतानाही किंचित करंट पीत राहतं. झाकण सैल असेल, तर कपाटात सहा महिने पडलेल्या टॉर्चचा सेल जवळजवळ तसाच भरलेला मिळतो. एवढे महिने ठेवायचा असेल, तर मात्र पूर्ण चार्ज करून ठेवू नका. ३.७ ते ३.८ व्होल्टवर ठेवलेला सेल कमी म्हातारा होतो.

प्रश्न : आई एकटी राहते, वीज गेली की तिला पटकन लावता येईल असा छोटा टॉर्च हवा. तुम्ही सुचवता तसा २१७०० चा घेऊ? (सहकारनगर)

उत्तर : घेऊ नका. एए सेलचा, मागे एकच टकटक वाजणारं बटण असलेला, १०० ते १५० लुमेनचा घ्या. त्यात साधे अल्कलाइन सेल न घालता एनेलूपसारखे रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड घाला. अल्कलाइन सेल विसरले गेले की पाणी सोडतात आणि स्प्रिंग खातात. तसं झालंच, तर पांढरा व्हिनेगर कापसाला लावून पुसा, मग अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. टॉर्च टेबलावर उभा करून उजेड छतावर पाडला, की १५० लुमेनमध्ये खोलीभर दिसतं. म्हणून घेताना तो शेपटावर उभा राहतो का, तेवढं दुकानातच काउंटरवर ठेवून बघा. मागचं बटण बाहेर आलेलं असेल तर तो आडवा होतो.